शब्दावर बसवलेली मेंढरं

शालनकाकू चालायला लागल्या की समोरचे लोक आपोआप बाजूला व्हायचे. सिंगापुरात चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकपासून एमआरटीच्या म्हणजे मेट्रोच्या स्टेशनपर्यंत छपराखालून जाणारी एक अरुंद वाट आहे. सकाळी त्या वाटेवर ऑफिसला निघालेल्यांची घाई असते आणि कोणी कोणाकडे बघत नाही. काकू मात्र त्या गर्दीच्या मधोमध, उलट दिशेने, ताठ मानेने चालत यायच्या. अंगावर इरकली लुगडं, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज, दोन्ही गुडघे दुखरे, पण हातात काठी नाही. काठी का घेत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, काठी मेंढरं हाकायला असते.

त्या माण तालुक्यातल्या. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा सुहास इथे बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर. सून मेघना, नात रिया. काकू आमच्या वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे राहायला आल्या आणि तीन वर्षं राहिल्या. पण कोणी विचारलं तर 'इथे राहते' असं त्या कधीही म्हणाल्या नाहीत. "मी माणची. हितं पोराकडं उतरलेय," एवढंच उत्तर असे.

माझी त्यांची ओळख गवतावरून झाली. ब्लॉकभोवतीचं गवत कापायला महिन्या-दीड महिन्याने माणसं येतात. मशीन फिरवतात, कापलेलं गवत काळ्या पिशव्यांत भरतात आणि ट्रकमध्ये टाकून नेतात. त्या दिवशी मी कामावरून लवकर परतले होते. बघते तर एक उंच बाई ट्रकसमोर उभी, एका पिशवीवर हात ठेवून. समोरचा बांगलादेशी मुकादम हसतोय, पण त्याला काही कळत नाहीये. मागून सुहास ऑफिसच्या कपड्यांत पळत आला.

"आई, ते कॉन्ट्रॅक्टरचं आहे."

"त्याला काय करायचंय त्याचं?"

"जाळायला नेतात."

"जाळायला?" काकूंनी हे अशा स्वरात विचारलं की जणू माणूसच जाळणार होते. मी मधे पडून मुकादमाला हिंदीत सांगितलं की बाईंना झाडांच्या बुडाशी घालायला गवत हवंय. त्याने दोन पिशव्या काढून दिल्या. एक मी घेतली. दुसरी काकूंनी डोक्यावर घेतली आणि लिफ्टकडे निघाल्या. लिफ्टमध्ये एक चिनी जोडपं होतं, ते भिंतीला चिकटून उभं राहिलं. सुहास आमच्याबरोबर चढला नाही. पुढच्या लिफ्टची वाट बघत खालीच थांबला. काकूंनी ते पाहिलं. दार बंद झाल्यावर म्हणाल्या, "लाजतंय. लाजू दे. ह्याच पाठीवर वैरण आणून शिकवलाय त्याला."

त्यांना स्वतःला कधी लाज वाटेल असं मला त्या वेळी स्वप्नातही वाटलं नसतं.

ब्लॉकच्या मागे रहिवाशांची एक बाग आहे. प्रत्येकाला एक एक वाफा. काकूंनी नाव घातलं आणि सहा महिन्यांत तिथल्या त्या पुढारी झाल्या. शेजारचा वाफा मिस्टर लिम यांचा. सत्तरी ओलांडलेले, लहानपणी डुकरं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरात वाढलेले. ते होकिएन या चिनी बोलीत बोलायचे, काकू मराठीत. दोघांचं भांडण व्यवस्थित चालायचं. मिस्टर लिम खत म्हणून दुकानातले निळे दाणे टाकत. ते डबा उघडायला लागले की काकू कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहायच्या आणि शेवटचा दाणा पडेपर्यंत हलायच्या नाहीत. पुढे पुढे काकू जेवायला घरी गेल्या की मगच मिस्टर लिम दाणे टाकू लागले.

काकूंची माती कधी उघडी दिसायची नाही. गवत, वाळकी पानं, केळीची सालं, काही ना काही वर पांघरलेलं. पाणी घालण्याआधी त्या बोट मातीत खुपसून बघत आणि बहुतेक वेळा पाणी घालतच नसत. सिंगापूरच्या पावसाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. रोज येणाऱ्या पाहुण्याला काय मान, म्हणायच्या. डासांची तपासणी करणारे लोक एकदा कुंड्या बघायला आले, तेव्हा काकूंनी त्यांना आपल्या कुंड्यांखालच्या कोरड्या बशा स्वतः उचलून दाखवल्या आणि मला सांगितलं, "त्यांना सांग, माणच्या बाईच्या घरात पाणी साठत नसतं." मी त्याचं भाषांतर केलं नाही. फक्त 'ड्राय' म्हटलं.

गावाकडच्या जमिनीबद्दल त्या बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. बारा एकर. त्यातला निम्मा माळ. वाऱ्याला अडवणारं एक झाड नाही, दिवाळीनंतर पिवळं पडणारं गुडघाभर गवत, आणि त्याच्या खालच्या अंगाला ज्वारीचं काळं रान. आजूबाजूच्यांनी माळ फोडले, बोअर मारले, डाळिंबं लावली. नवरा गेल्यावर भावकीने काकूंनाही तेच सांगितलं, नाहीतर विकून टाक म्हणाले. काकूंनी विकलं नाही आणि माळाला नांगरही लावला नाही. लोक हसले. मग दुष्काळ आला, सगळ्या गावाची गुरं चारा छावणीत गेली. काकूंची दोन गुरं घरीच राहिली, कारण गवत होतं. "माझं जनावर छावणीच्या दावणीला गेलं न्हाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी सांगताना त्या पदर सारखा करायच्या.

आणि मेंढरं. ज्वारी निघाली की दरवर्षी बिराजी धनगर आपला कळप घेऊन त्यांच्या रानावरून जायचा. दिवसा मेंढरांनी धसकटं, पाला खायचा, रात्री रानातच बसायचं. चार-पाच रात्रींत सगळ्या रानाला लेंडीखत मिळायचं. बदल्यात बिराजीला धान्य. बिराजीचा बाप काकूंच्या सासऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा, तेव्हापासूनचं हे. ह्यात कागद नाही, करार नाही. बिराजी बांधावर थांबून एकच विचारायचा, "काकू, रानात काही हाय का?" म्हणजे काही फवारलंय का, टाकलंय का. काकू म्हणायच्या, "काही न्हाय, बस." मग तो कळप आत सोडायचा. मेंढरं कुठल्या रानात बसवायची आणि कुठल्या नाही, हे धनगर ठरवतो, आणि त्याने आपलं रान निवडणं ही काकूंच्या मते सरकारी बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट होती.

सिंगापूरला आल्यावर हे सगळं फोनवर आलं.

दर शनिवारी संध्याकाळी काकू शेती करायच्या. जेवणाच्या टेबलावर फोन, फोनचा स्पीकर चालू, पलीकडे मारुती. मारुती त्यांची जमीन वाट्याने करणारा गडी, चाळिशीचा, गावातच राहणारा. ह्या फोनला हळूहळू आम्ही बायका जमायला लागलो. मी, खालच्या मजल्यावरची वीणा, बिशानहून मुद्दाम येणारी स्मिता. मेघना चहा-पोहे करायची. आमच्यापैकी कोणाचाही शेतीशी संबंध उरलेला नव्हता. मी शिपिंग कंपनीत हिशेब बघते, वीणा बँकेत, स्मिता शाळेत. पण शनिवारची ही तासाभराची शेती आम्हाला फार आवडायची. काकू मारुतीला दटावायच्या, उलटतपासणी घ्यायच्या आणि मधेच म्हणायच्या, "फोन वर धर. वारं ऐकू दे." मग स्पीकरमधून सूं सूं आवाज यायचा आणि आम्ही चौघी पोह्यांच्या बशा हातात धरून गप्प बसायचो. स्मिताच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिचं गाव डोंबिवली.

आम्ही असलो की काकूंचा आवाज चढायचा. "मारुती, सांग ह्या बायांना, आपण औषधाचा थेंब तरी टाकतो का?" पलीकडून "न्हाय काकू" यायचं. "युरिया?" "न्हाय काकू." आम्ही कौतुकाने एकमेकींकडे बघायचो. रिया आतून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "आजी, सो लाऊड लाह."

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत महाराष्ट्र मंडळाने काकूंचं भाषण ठेवलं. विषय शाश्वत शेती. कार्यवाहांनी स्लाइड्स करून देऊ का विचारलं, तर काकूंनी त्या कशाला असतात असं विचारलं. त्या अर्धा तास बोलल्या, माईकपासून हातभर लांब उभ्या राहून, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. शेवटी एका तरुणाने विचारलं, की कीड पडली तर काय करता. काकू म्हणाल्या, "पडली तर पडली. चार कणसं तिची. माझ्या रानात औषधाचा थेंब पडलेला न्हाय. खोटं वाटत असंल तर बिराजीच्या मेंढरांना इचारा." हॉल हसला, टाळ्या पडल्या. कोणीतरी तेवढा तुकडा रेकॉर्ड केला होता. दोन दिवसांत तो सगळीकडे फिरला. आठवड्याभरात माणला पोचला. मारुतीनेही पाहिला. शनिवारी फोनवर तो म्हणाला की समद्या गावानं बघितला. काकू खूश झाल्या. मारुती त्या दिवशी कमी बोलला होता, हे मला नंतर आठवलं. तेव्हा लक्षात आलं नाही. आम्ही वाऱ्याची वाट बघत होतो.

त्यानंतरचा उन्हाळा लागत होता. ज्वारी निघाली होती. बिराजीने काकूंना फोन करून नेहमीचा प्रश्न विचारला आणि काकूंनी नेहमीचं उत्तर दिलं. हेही आमच्यासमोरच झालं. "काही न्हाय रे, बस. हे काय इचारणं झालं?" असं म्हणून त्या आमच्याकडे बघून हसल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही जमलो होतो. काकू मारुतीला लावणार, तोच फोन वाजला. बिराजीचा होता. काकूंनी सवयीने स्पीकर लावला.

"काकू, बिरा बोलतोय."

"बोल. बसली का मेंढरं?"

"बसली हुती. रातीत दहा-बारा गेली, काकू. आनखी काही पडून हायत. तोंडाला फेस हाय."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "काय खाल्लं?"

"मक्याच्या कडंला भुसा टाकलेला हुता. गुळाचा. औषदाचा वास येतोय त्याला."

"माझ्या रानात?"

"तुमच्याच. तुमी म्हनला काही न्हाय, बस. तुमच्या शब्दावर बसवली."

तो ओरडत नव्हता. झालं ते सांगत होता, इतकंच. मागे बाईच्या रडण्याचा आवाज येत होता आणि त्यात मेंढरांचा. सुहास उठला आणि त्याने स्पीकर बंद करायला हात पुढे केला. काकूंनी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ऐकू दे समद्यास्नी. इतके दिस ऐकवलंच की."

मग बिराजी जे काही सांगत होता ते आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. कोणती कोणती मेली, त्यातल्या गाभण किती. काकू एकेकीला "बरं" म्हणत होत्या. फोन संपला. आमच्या हातांत चहाचे कप होते आणि ते खाली ठेवायचे की नाही, हे आम्हाला कळत नव्हतं. वीणाने तोंड उघडलं. म्हणाली, "काकू, यात तुमची काय चूक?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "मग कुणाची?"

आम्ही उठून आपापल्या घरी गेलो.

झालं होतं ते असं. मारुतीने गुरांच्या वैरणीसाठी विहिरीच्या पाण्यावर थोडा मका केला होता. त्यावर अळी पडली. शेजारच्यांचं बघून त्याने भुसा, गूळ आणि औषध कालवलं आणि मक्याच्या पोंग्यांत, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, टाकलं. उरलेलं कडेला ओतलं आणि भाचीच्या लग्नाला गेला. मेंढरं यायच्या आत परत येऊन साफ करू असं त्याने ठरवलं होतं. बिराजी दोन दिवस लवकर पोचला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मारुतीला फोन केला. मेघना शेजारी होती, तिने मला सांगितलं. ह्या वेळी काकूंनी फोन कानाला लावला होता, पण मारुती रडत मोठ्याने बोलत होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "काकू, मी सांगणार हुतो. दोन शनवार सांगणार हुतो. तुमी समद्या बायास्नी बसवून इचारता, मारुती, थेंब तरी टाकतो का. मग मी काय सांगू? आन मका गेला असता तर गुरांच्या म्होरं काय टाकलं असतं?"

मेघनाला वाटलं, आता काकू त्याला झोडपणार. काकू म्हणाल्या, "बरोबर बोलतोयस तू."

सुहासने त्याच दिवशी बिराजीला पैसे पाठवले, मेलेल्या मेंढरांच्या भावापेक्षा जास्तच. काकू म्हणाल्या, "दे. द्यायलाच पायजे. पण त्यानं मिटलं असं धरू नको."

त्यानंतरच्या काकू आम्ही पूर्वी पाहिलेल्या नव्हत्या. छपराखालच्या वाटेवर आता त्या कडेने चालायच्या, भिंतीकडे तोंड करून. लिफ्टमध्ये कोणी चढलं तर पदर पुढे ओढायच्या. इथे कोणाला काही माहीत नव्हतं. ज्या चिनी, मलाय शेजाऱ्यांसमोर त्या मान खाली घालत होत्या त्यांना माण कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणाले, तर उत्तर आलं, "मला ठाऊक हाय की."

बागेत जायच्या, पण उशिरा, उन्हाच्या वेळी. एकदा मी तिथे होते. मिस्टर लिमनी निळ्या दाण्यांचा डबा उघडला आणि सवयीने काकूंकडे बघत थांबले. काकू आपल्या वाफ्यात वाकलेल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, डबा पाहिला आणि परत खाली बघून गवत सारखं करायला लागल्या. मिस्टर लिम डबा हातात धरून उभेच राहिले. मग झाकण लावून निघून गेले. त्या दिवशी त्यांनी दाणे टाकलेच नाहीत.

शनिवारी आता कोणी जमत नव्हतं. रियाने विचारलं, "आजी, व्हाय यू नेव्हर कॉल? सॅटरडे लाह." काकूंनी तिच्या केसांना तेल लावायला घेतलं.

मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला काकूंनी मला बरोबर चलायला सांगितलं. मला आश्चर्य वाटलं. तिथे गेल्यावर त्यांनी कार्यवाहांना गाठून दोन मिनिटं बोलायचंय म्हणून सांगितलं. कार्यवाहांना वाटलं, काकू गावी परत जात असतील, म्हणून निरोपाचं बोलणार. त्यांनी घाईघाईने कुठूनशी शाल पैदा केली आणि मुलांच्या नाचानंतर काकूंना बोलावून ती त्यांच्या खांद्यावर घातली. काकूंनी शाल काढून हातावर घेतली. ह्या वेळी माईकच्या अगदी जवळ गेल्या, तरी आवाज नीट येत नव्हता.

"दिवाळीला मी हितं बोलले ते खोटं निघालं. मला ठाऊक नव्हतं, पर मी बघितलं न्हवतं तरी बोलले. माझ्या रानात ईष टाकलेलं हुतं. माझ्या शब्दावर बसलेली मेंढरं मेली. तो व्हिडिओ ज्याच्याकडं असंल त्यानं पुसून टाका."

आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतून सुरू झाल्या आणि मागेपर्यंत गेल्या. माझ्या मागचा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, किती साधेपणा आहे बघ. काकू माईकसमोर उभ्या होत्या. टाळ्या थांबेपर्यंत हलल्या नाहीत, पण त्यांची नजर कोणावरच नव्हती. मग खाली उतरल्या आणि शाल पहिल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून दिली. शेजारची स्मिता तोंडावर हात धरून बसली होती. वाजवणाऱ्यांत माझेही हात होते. दोनदा वाजले आणि मग मला कळलं.

परत येताना एमआरटीत बसायला जागा मिळाली. बरीच स्टेशनं गेली. मग काकूंनी विचारलं, "टाळ्या कशाच्या हुत्या गं?"

खोटं सांगून उपयोग नव्हता. "त्यांना काही कळलं नाही, काकू."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मलाबी तसंच वाटलं."

त्याच आठवड्यात त्यांनी सुहासला तिकीट काढायला सांगितलं. घरात बरीच वादावादी झाली, आमच्या मजल्यापर्यंत ऐकू यायची. गुडघे, रक्तदाब, तिथे एकटं राहणं, सगळं सुहासने मांडलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला की बिराजीची माफी फोनवरही मागता येईल.

"फोनवरच तर झालं हे सगळं," काकू म्हणाल्या. "बिरा फुडच्या साली त्याच वाटंनं जाणार. तवा बांधावर मी पायजे. तो थांबंल का न्हाय, त्यानं ठरवायचं. पर मी तिथं नसले तर त्यानं थांबावं कुणापुढं?"

त्यांचा वाफा त्यांनी मिस्टर लिम यांना दिला. चांगी विमानतळावर आम्ही कोणी गेलो नाही. त्यांनी येऊ नका सांगितलं होतं.

पुढचं मेघनाकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. काकूंनी मारुतीला काढलं नाही. त्याच्याबरोबर उभं राहून मक्याच्या कडेची माती फूटभर खरवडून काढली आणि दूर खड्डा करून पुरली. पावसाळ्यात बिराजी आपल्या गावी असतो. काकू एसटीने तिथे गेल्या. बिराजीच्या बायकोने पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि आत निघून गेली. बिराजी पावसाबद्दल बोलला. काकू तासभर बसून परत आल्या. त्यांनी माफी मागितली का, हे मेघनाला माहीत नव्हतं. विचारायची तिला हिंमत झाली नाही. त्या साली काकूंनी स्वतः रानात उभं राहून ज्वारी करून घेतली. अळी पडली. निम्मं पीक गेलं. औषध आणलं नाही.

मग एका सकाळी मी खाली लिफ्टपाशी उभी होते, ऑफिसला जायची घाई होती. सुहास आला आणि काही न बोलता त्याने फोन माझ्यापुढे धरला. मारुतीने पाठवलेली क्लिप होती.

उन्हाचं पिवळं रान, ज्वारीची धसकटं. रस्त्यावरून धुळीत मेंढरं येतायत. बांधाच्या तोंडाशी काकू उभ्या. बिराजी मी पहिल्यांदाच पाहत होते. बुटका, लाल मुंडाशाचा, साठीचा माणूस. तो बांधापाशी थांबला. काकूंकडे बघून मान हलवली. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला नाही. नुसतीच जीभ टाळूला लावून कसलासा आवाज काढला आणि कळपाचं तोंड रानाकडे वळवलं. पुढची मेंढरं ती वाट ओळखत असावीत. भराभर आत शिरली.

आणि काकू धावल्या. ते गुडघे घेऊन, वाकड्यातिकड्या धसकटांतून धावल्या, मेंढरांच्या पुढे गेल्या आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. मेंढरं बाजूने निसटायला बघत होती, तर काकू पदर काढून तो फडकावत इकडून तिकडे पळत होत्या. डोक्यावरून पदर गेला होता, केस सुटले होते. तोंडाने हुर्र हुर्र करत होत्या. बिराजी काठी टेकून बघत राहिला.

"मला आधी वाटलं, आई त्याच्यावर चिडली," सुहास म्हणाला. "आवाज वाढवून ऐका."

मी फोन कानाशी धरला. वारा होता, मेंढरांचा कालवा होता, आणि त्यातून काकूंचा धापा टाकणारा आवाज येत होता.

"नको, बिरा. ह्या साली नको. भीड म्हणून बसवू नको. मलाच अजून रानाची खात्री न्हाय. अजून एक पाऊस जाऊ दे."

बिराजी काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही. काकूंनी मान हलवली, नाही म्हणून. मग त्या वळल्या आणि आत शिरलेलं शेवटचं मेंढरू दोन्ही हातांनी ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन गेल्या.